वॉटरबॉडी

ज्या अंकासाठी हे लिहिलं त्याचा विषय 'पाणी' ठरला आणि संपादकांनी वालूरचं नाव घेतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बारव होती हे उघड आहे. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हे गाव अलीकडे महाराष्ट्रभर माहीत झालं ते चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे. गाळाने आणि झाडोऱ्याने बुजत चाललेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली, तिची छायाचित्रं सगळीकडे फिरली आणि बारवा पाहत हिंडणारी माणसं इकडे येऊ लागली. मीही पाहिली. गोल गोल उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा जाणकार आहेत.

मी ज्या पाण्यावर लिहितो आहे ते जेमतेम आठ-दहा लिटर असतं, लोखंडाच्या पोटात कोंडलेलं असतं आणि ते नासलं तर ऐन हंगामात घराचं गणित बिघडवतं. ट्रॅक्टरच्या इंजिनातलं पाणी. ते फिरतं ठेवणारा एक पंप असतो. कंपनीच्या पुस्तकात त्याला वॉटर पंप म्हणतात. गॅरेजात बहुतेक जण 'वॉटरबॉडी' म्हणतात. तो का मरतो आणि मरू नये म्हणून काय करता येतं, हे पाहायला मी मे महिन्यात इकडे आलो.

उन्हाळी नांगरट

मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. रब्बी निघून गेलेली असते आणि काळी जमीन भेगाळून पडलेली असते. नेमकी हीच नांगरटीची वेळ. खोल नांगरलेली ढेकळं उन्हात तापली पाहिजेत, म्हणजे तण आणि किडी मरतात. त्यामुळे इंजिनावर सगळ्यात जास्त ताण आणि हवेत सगळ्यात जास्त ऊन, हे दोन्ही एकाच महिन्यात येतं.

मोटारीचं बरं असतं. ती पळते, समोरून वारा येतो, रेडिएटर निवतो. पलटी नांगर लावलेला ट्रॅक्टर ताशी चार-पाच किलोमीटरने रांगत असतो आणि इंजिन मात्र जवळजवळ पूर्ण ताकदीने चालू असतं. वारा मिळतो तो फक्त पंख्याचा, आणि तोही धुळीने भरलेला. डिझेल जाळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा नांगर ओढण्याच्या कामी येतो, एक हिस्सा धुराबरोबर जातो आणि उरलेला मुख्यतः पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी पाच मिनिटं जरी थांबलं तरी हेड तापतं, वाकतं, गॅस्केट फुंकतं. पुढे पिस्टन लायनरला धरतो. त्याला इकडे 'इंजन बसलं' म्हणतात.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजात, पत्र्याच्या सावलीत, अर्धा उघडलेला एक ट्रॅक्टर उभा होता. मिस्त्रींनी पुढची जाळी काढून रेडिएटर बाजूला टेकवून ठेवला होता. त्यांचं नाव इथे देत नाही; तशी त्यांचीच इच्छा होती. बोलणं मात्र त्यांचंच.

"पाणी गळायलंय म्हणून कोणी येत नाही, सर. इंजन तापायलंय म्हणून येतेत. तवर वॉटरबॉडीचं काम राहत नाही, हेडचं काम होऊन बसतं."

हे वाक्य मला पुढे प्रत्येक ठिकाणी खरं होताना दिसलं.

पंपाच्या पोटात काय असतं

मिस्त्रींनी काढलेला पंप हातात घेतला तर नारळाएवढा. बिडाचं कवच, त्यात पात्यांची चकती, म्हणजे इम्पेलर. ती एका दांड्यावर बसवलेली असते. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बेल्टने फिरणारी पुली, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत त्याच टोकावर रेडिएटरचा पंखाही. मध्ये बेरिंग. आणि बेरिंग व पाणी यांच्यामध्ये सील. पाणी चकतीच्या मधोमध येतं, फिरत्या पात्यांनी बाहेर फेकलं जातं, कवचाच्या रुंदावत जाणाऱ्या वाटेने इंजिनात शिरतं. ही वाट गोल वळत जाते. बारवेच्या पायऱ्यांशी तिचं साम्य दाखवण्याचा मोह इथे होतो. पण दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तेव्हा तो आवरतो.

जीव असतो तो सीलमध्ये. कार्बनची एक गुळगुळीत कडी सिरॅमिकच्या तेवढ्याच गुळगुळीत कडीवर टेकून फिरते आणि दोघींमध्ये पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. पापुद्रा आहे तोवर घासणं नाही, तापणं नाही. म्हणून रेडिएटर रिकामा असताना 'जरा चालू करून बघू' म्हणून इंजिन फिरवणं हा सील मारण्याचा खात्रीचा मार्ग. कोरड्या कड्या क्षणात तापतात, वरून कोणीतरी घाईने गार पाणी ओततं आणि सिरॅमिक तडकतं.

सील आणि बेरिंगच्या मधल्या जागेत, कवचाच्या खालच्या अंगाला, एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सीलमधून निसटलेलं पाणी बेरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून. नव्या पंपात तिथे थोडी ओल दिसली तर घाबरायचं कारण नाही, सील बसायला थोडा वेळ घेतं. पण थेंब पडू लागला, किंवा भोकाखाली पांढरट-हिरवट ओघळ वाळलेला दिसला, की पंपाचे दिवस भरले. पंपाची स्वतःची सूचना एवढीच. आवाज त्यानंतर येतो. आणि तापमानाचा काटा वर जातो तेव्हा मामला पंपाच्या हाताबाहेर गेलेला असतो.

मग लोक काय करतात? मिस्त्रींनी फळीवरून एक जुना पंप काढून दाखवला. त्याचं भोक एम-सीलने बुजवलेलं होतं.

"गळायचं बंद झालं म्हणून महिनाभर खूश होते. पाणी मंग गेलं कुठं? बेरिंगमधी."

बेरिंगचं ग्रीस धुऊन निघालं, गोळ्यांना गंज चढला, दांडा डुलू लागला आणि शेवटी त्यावर बसलेला पंखा पुढे सरकून रेडिएटरमध्ये घुसला. एका सीलच्या कामात पंप, पंखा, रेडिएटर एवढं सगळं आलं. पंप बदलणं काही हजारांत भागतं; हेड आणि ब्लॉकपर्यंत काम गेलं की खर्च त्याच्या कित्येक पट. आणि ट्रॅक्टर उभा राहिलेले दिवस कोणी बिलात धरत नाही.

जड पाणी

पंप बिघडण्याचं मूळ पुष्कळदा पंपात नसतंच. या भागात ते पाण्यात असतं.

मराठवाड्याच्या पायाखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांमधून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उचलतं. जितकं खोल आणि जितका काळ खडकात मुरलेलं, तितके क्षार सहसा जास्त. उथळ बारवा आणि आड मागे पडले, शेकडो फुटांच्या बोअर आल्या आणि घरोघरी 'पाणी जड आहे' ही तक्रार आली. त्याची परीक्षा बायकांना पक्की ठाऊक असते: तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी नांगरटीला निघताना कॅनमध्ये भरून बरोबर घेतलं जातं आणि रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की त्यात ओतलं जातं.

पाणी तापलं की क्षार धरून ठेवण्याची त्याची ताकद वाढेल असं आपल्याला वाटतं. मिठासाखरेच्या बाबतीत ते खरं आहे. चुन्याच्या क्षारांचं उलट आहे. पाणी तापलं की ते बाहेर पडून सगळ्यात गरम भिंतीवर बसतात, आणि इंजिनातली सगळ्यात गरम भिंत म्हणजे हेड आणि लायनर. जिथून उष्णता निघायला हवी तिथेच थर. बिडाच्या मानाने हा थर उष्णता फारच कमी वाहतो. वर काटा ठीक दाखवत असतो आणि आत धातू भाजत असतो. सुटलेल्या खपल्या पाण्याबरोबर फिरत पंपाकडे येतात आणि सीलच्या त्या गुळगुळीत कड्यांना ओरखडे पाडतात. नवा पंप बसवला आणि आतलं गंजाळ पाणी तसंच ठेवलं तर नव्याचीही तीच गत होते. 'पंपच डुप्लिकेट निघाला' अशी तक्रार मग होते. बाजारात डुप्लिकेट माल आहे, खोटं नाही. पण प्रत्येक वेळी दोष त्याच्याच माथी मारणं सोपं पडतं.

कूलंटबद्दल गावात एक गैरसमज आहे आणि तो त्याच्या नावामुळेच झाला असावा. डब्यावर 'अँटीफ्रीझ' लिहिलेलं असतं. परभणीत पाणी कधी गोठतं? मग पैसे कशाला घालायचे? प्रश्न रास्त आहे. पण त्या हिरव्या किंवा लाल द्रवात ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनं असतात, आणि आपल्याला हवीत ती मुख्यतः तीच. शिवाय ग्लायकॉल मिसळल्याने पाण्याचा उकळबिंदूही वर सरकतो. लायनरची गोष्ट तर आणखी वेगळी. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, त्याला लागून असलेल्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात आणि लोखंड टोचत राहतात. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेला लायनर काढून पाहिला तर एका अंगाला टाचणीने भोसकल्यासारखी छिद्रं दिसतात. कूलंटमधली रसायनं तिथे एक पातळ संरक्षक थर धरतात.

कूलंट बोअरच्या पाण्यात कालवून मात्र उपयोग नाही. क्षार त्यातल्या रसायनांनाच खातात. डिस्टिल्ड वॉटर मिळालं तर उत्तम. नाहीतर आता लहानसहान गावांतही आरओचे प्लांट झालेत. वीस लिटरचा एक जार एका ट्रॅक्टरला पुरून उरतो. माणसं जे पाणी पितात ते इंजिनाला देणं ही चैन वाटते, पण वर्षा-दोन वर्षांतून एक जार एवढाच तो हिशेब आहे.

झाकणाचं माहात्म्य

गॅरेजातल्या सगळ्या संभाषणांत मला सर्वांत कमी मान मिळताना दिसला तो रेडिएटरच्या झाकणाला. स्प्रिंग गेलेलं, रबर फाटलेलं, कधी दुसऱ्याच गाडीचं. 'पाणी सांडू नये एवढंच तर काम' असं मानणाऱ्यांना झाकणाचं खरं काम माहीत नसतं. झाकण पाण्यावर दाब धरतं. पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांना उकळतं, ०.९ बारच्या झाकणाखाली ते जवळजवळ एकशे अठरा अंशांपर्यंत उकळत नाही. हे वरचे अठरा अंश म्हणजे मे महिन्यातल्या नांगरटीचा सगळा आधार.

दाब गेला की पहिला तडाखा पंपाला बसतो. चकतीच्या मधोमध, जिथून पाणी ओढलं जातं, तिथे दाब सगळ्यात कमी असतो. उकळीच्या काठावर आलेल्या पाण्याचे तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि पात्यांच्या कडेला जास्त दाबात शिरताच ते बुडबुडे कोसळतात. इंजिनिअर याला कॅव्हिटेशन म्हणतात. प्रत्येक बुडबुडा क्षुल्लक. पण एका जागी लाखोंनी कोसळू लागले की बिडाचे कण उडतात. वेगवान जहाजांचे पंखे असेच खाल्ले जाऊ लागले तेव्हा ब्रिटिश नौदल चक्रावलं होतं. १९१७ साली लॉर्ड रॅले यांनी कोसळणाऱ्या एका बुडबुड्यात किती दाब तयार होऊ शकतो याचं गणित मांडलं. त्याच गणिताने वालूरच्या ट्रॅक्टरचा इम्पेलर कुरतडला जातो. शिवाय बुडबुड्यांनी भरलेला पंप पाणी नीट ढकलत नाही. पाणी आणखी तापतं, बुडबुडे आणखी वाढतात.

खालचा होजपाइप मऊ पडला असेल तर पंपाच्या ओढीने तो आत चिपकतो, तेव्हाही हेच होतं. म्हणून काही पाइपांत स्प्रिंग असते. ती गंजून तुटली की कोणी परत घालत नाही. आणि थर्मोस्टॅट! 'आपल्याकडे गरमी, त्याचं काय काम' म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत सर्रास आहे. काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो. गार ठेवायला म्हणून केलेल्या उपायाने इंजिन जास्त तापतं, आणि खापर पुन्हा पंपावर.

उंचावरचा तोच पंप

हाच पंप विमानांच्या इंजिनांतही भेटतो, पण सुरुवातीला तो नव्हता. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या इंजिनाला पाणी होतं, पण पंप नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, गार खाली यायचं. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या सुरुवातीच्या अडीच हजार गाड्यांना पंप होता. नंतर फोर्डने तो काढूनच टाकला आणि हीच नैसर्गिक चाल वापरली. बिघडण्यासारखी वस्तूच नको, हा त्यातला विचार. इंजिनं ताकदवान झाली आणि तो विचार मागे पडला. १९४४ साली इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने जी हरिकेन विमानं उडवली, त्यांची मर्लिन इंजिनं पाणी-ग्लायकॉलवर गार राहत. शीतक नळीला एक गोळी लागली तरी वैमानिकाच्या हाती मोजकी मिनिटं उरत.

आज एनसीसीचे छात्र ज्या छोट्या व्हायरस एसडब्ल्यू ८० विमानांवर उडायला शिकतात, त्यांत रोटॅक्स ९१२ जातीचं इंजिन असतं. त्याचे सिलिंडर हवेने आणि हेड पाण्याने निवतात. पाण्याचा पंप इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरवर चालणारा. म्हणजे बेल्ट तुटण्याची भीती मुळातच काढून टाकली आहे. बाकी सगळं ओळखीचं: इम्पेलर, सील, आणि खाली तेच बारीक भोक.

उंचीवर हवेचा दाब उतरतो. दहा हजार फुटांवर उघडं पाणी नव्वद अंशांनाच उकळतं, पंचवीस हजारांवर पंचाहत्तरच्या आसपास. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने 'तपस' या मानवरहित विमानासाठी १८० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन करायला घेतलं. उंचावर चालणाऱ्या अशा इंजिनाला दाब धरणारं झाकण किती मोलाचं, ते यावरून कळेल.

फरक यंत्रात फार नाही, वागणुकीत आहे. विमान उडण्याआधी टाकीतल्या कूलंटची पातळी पाहायची, ही पद्धत नाही, सक्ती आहे. भोकाखाली थेंब दिसला तर विमान जमिनीवर. रोटॅक्सच्या रबरी नळ्या पाच वर्षांनी बदलतात. त्या चांगल्या दिसतात की नाही हे कोणी विचारत नाही. वर इंजिन थांबलं तर बांधावर उभं करून मिस्त्रीला फोन करता येत नाही, एवढं साधं त्याचं कारण आहे.

हंगामाचं गणित

म्हणून शेतकऱ्याला बेफिकीर म्हणायचं का? मला ते पटत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन कापून पडलेलं असतं, आभाळ दाटून आलेलं असतं आणि मळणीयंत्र भाड्याचं असतं. अशा दिवशी पंपाखाली थेंब दिसला म्हणून ट्रॅक्टर सोडायचा कोणी? दर तासाला कॅन ओतून दिवस काढणं हाच त्या दिवशीचा शहाणपणा. तोवर मळणीचा भुसा रेडिएटरच्या जाळीत दाटतो, पंख्याला हवा मिळत नाही. घाईत कॉम्प्रेसरची हवा पुढून मारली की भुसा आणखी आत बसतो. ती मारायची पंख्याच्या बाजूने बाहेर.

पाणी थांबलं की इंजिन तापतं, हे जुन्या डिझेल पंपसेटांवर वाढलेल्या पिढीला वेगळ्या रीतीने माहीत होतं. पुण्याच्या खडकीत १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची आणि तसल्या इतर बनावटींची इंजिनं विहिरीवर बसली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी शेताच्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनातून फिरवलेली असे. फूटव्हॉल्व्ह गळला आणि पंपाने पाणी सोडलं की इंजिनही तापे. म्हणून ती धार चालू आहे ना, याकडे पाणी देणाऱ्याची नजर सतत असे. ट्रॅक्टरचं पाणी बंदिस्त झालं आणि नजरेआड गेलं.

पंप फिरवणाऱ्या बेल्टकडेही नीट लक्ष जात नाही. सैल असला तर घसरतो, म्हणून जोर लावून ताणला जातो, आणि तो ताण थेट पंपाच्या बेरिंगवर येतो. अंगठ्याने दाबला की साधारण सेंटिमीटरभर वाकावा. कंपनीच्या पुस्तकात नेमकं माप असतं. पंख्याचं एक पातं वाकलं किंवा तुटलं तरी दांडा थरथरतो आणि सील जातं. एका मालकाने तुटलेल्या पात्याच्या समोरचं पातंही कापून पंखा तोलला होता. मिस्त्री त्यावर हसले नाहीत. "तोल तरी राखला त्यानं," म्हणाले. पण हवा कमी झाली ती झालीच.

या सगळ्यात दुरुस्तीची जागा हंगामात नाही, दोन हंगामांच्या मध्ये आहे. मळणी संपते आणि रब्बीची पेरणी आटोपते, त्यानंतर ट्रॅक्टरला थोडी उसंत असते. दुसरी उसंत मार्चमध्ये, नांगरटीच्या आधी.

यांपैकी कोणतीही उसंत साधावी. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांनी इंजिन पूर्ण गार असताना, सकाळी, रेडिएटरचं झाकण काढावं. गरम असताना कधीच नाही, वाफेने चेहरा भाजतो. झाकणाचं रबर पाहावं, कडक झालं असेल तर कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच नवं आणावं. खालचा कॉक उघडून पाणी पांढऱ्या बादलीत काढावं. ते गंजाळ लाल निघालं तर स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुऊन आरओच्या पाण्यात कूलंट भरावं आणि इंजिन सावकाश चालवून आतली हवा निघू द्यावी. पंखा वर-खाली हलवून दांडा डुलतो का ते बघावं, आणि टॉर्च घेऊन वॉटरबॉडीच्या खालचं भोक पाहावं. तिथे ओघळ असेल तर नांगरटीची वाट पाहू नका.